तिसऱ्या रांगेतलं रक्त

१

फिल्म कोरी निघाली.

कोरी म्हणजे अगदी कोरी. अंधाऱ्या खोलीतून बाहेर येऊन परीक्षकांनी ती दिव्यासमोर धरली, उलटून पाहिली आणि टेबलावर ठेवली. समोर माझी भाची उभी होती. तिची सहा वर्षं त्या फिल्मवर दिसायला हवी होती, आणि तिथे साधा शिंतोडाही नव्हता.

"मुली, तुझ्या प्रबंधात रुग्णांच्या रक्ताच्या एकशेवीस फिल्म आहेत. प्रत्येकीवर दोन रेघा. मी माझ्या हाताने केली तर एकही नाही. याचा अर्थ काय घ्यायचा?"

"सर, सीरम... सीरम तेच होतं?"

"सीलबंद ट्यूब. तुमच्याच मॅडमनी माझ्या हातात दिली." ते मुद्दाम सावकाश बोलत होते. "उद्या चार वाजता समिती बसेल. आकडे खोटे ठरले तर प्रबंध रद्द होईल, आणि पुन्हा कुठल्याही प्रयोगशाळेत तुला दार उघडणार नाही. तोपर्यंत इथे पाऊल टाकायचं नाही."

पोरगी रडली नाही. तिने अॅप्रन काढला, घडी केली आणि खुर्चीवर ठेवला. ते मला रडण्यापेक्षा जास्त लागलं.

मी कोण ते सांगून टाकतो. एकतीस वर्षं या संस्थेत मी ससे सांभाळतोय. भाची इथे आली, मला मामा म्हणू लागली, आणि तेव्हापासून सगळे मला मामाच म्हणतात. भाचीच्या गुरू, आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडमसुद्धा. एवढ्या भाच्यांचा मामा व्हायची माझी तयारी नव्हती, पण विचारतो कोण?

आमचं काम असं. माणसाच्या रक्तातलं एखादं प्रोटीन घ्यायचं आणि सशाला टोचायचं. सशाच्या अंगाला ते परकं वाटतं, म्हणून ते अंग त्याला पकडणाऱ्या अँटीबॉडी बनवतं. मग सशाच्या कानातून थोडं रक्त काढायचं, गोठू द्यायचं आणि वरचं पाणी काढून घ्यायचं. ते सीरम. पुढे कुठल्याही माणसाच्या रक्तात तेच प्रोटीन शोधायचं झालं की हे सीरम बरोबर जाऊन त्याला चिकटतं. फक्त एक मेख आहे. सशाच्या अंगात एकच अँटीबॉडी होत नाही, शेकडो तऱ्हेच्या होतात. एक प्रोटीनचं डोकं धरते, एक कंबर, एक पाय. कुठल्या सशात काय किती होईल ते कोणाच्या हातात नसतं. दोन सशांना तेच टोचा, सीरम वेगळंच येणार.

आमच्याकडे एक ससीण होती. तिला मी म्हातारी म्हणायचो. नसांचा एक आनुवंशिक आजार आहे, चाळिशीनंतर हात कापायला लागतात, मग पाय, मग घासही गिळता येत नाही. त्या रुग्णांच्या रक्तात हे प्रोटीन नेहमीसारखं लांबही असतं आणि एक तोकडंही असतं. ते तोकडं फक्त म्हातारीच्या सीरमला दिसायचं. निरोग्याच्या रांगेत एक रेघ, रुग्णाच्या रांगेत दोन. या आजाराची आजवर कुठली तपासणीच नव्हती. भाचीने ही शोधली. म्हातारीनंतर तीन ससे झाले, एकालाही ते जमलं नाही. म्हातारी दोन वर्षांपूर्वी गेली. तिच्या सीरमची शेवटची ट्यूब आम्ही या परीक्षकांसाठी जपून ठेवली होती.

ती ट्यूब अजून टेबलावर होती. मी वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं.

ते म्हातारीचं नव्हतंच.

२

"रंगावरून सांगताय?" परीक्षकांनी चष्मा काढला.

"शेवटचं रक्त मीच काढलं, साहेब. ती आजारी होती. माझाच हात हलला, सुई दोनदा टोचावी लागली. असं झालं की रक्तपेशी फुटतात आणि सीरम गुलाबी येतं. महिनाभर मी स्वतःला शिव्या घातल्या. हे बघा, हे पिवळंधमक आहे."

"तुम्ही मुलीचे मामा. सख्खे?"

"सख्खे."

"मग तुमच्या शब्दावर समिती विश्वास ठेवेल?"

मी तापट माणूस आहे, हे इथल्या पिंजऱ्यांनाही ठाऊक आहे. पण त्यांचं बोलणं खरं होतं, मी राग गिळला. "शब्दावर नका ठेवू. यातले दोन थेंब द्या."

त्यांनी चष्मा परत लावला. "दोनच. आणि माझ्यासमोर."

परीक्षक जेवायला गेले तेवढ्यात मी चौकशीला लागलो. फ्रीझरच्या किल्ल्या दोन. एक माझ्या खोलीत खिळ्याला असते. नेणाऱ्याने वहीत सही करायची. दुसरी मॅडमकडे. वही उघडली तर या आठवड्यात एकच सही होती, रविवारची, पंडितची.

पंडित हे त्याचं खरं नाव नव्हे. कशावरही व्याख्यान देतो म्हणून पडलेलं नाव. भाचीच्या दोन वर्षं आधी आला, हुशार आहे, आणि तिच्याआधी आपलं नाव व्हावं ही त्याची इच्छा काही लपलेली नाही. तो खिडकीशी उभा राहून डबा खात होता. कोपराच्या आत पांढरी पट्टी.

"रविवारी फ्रीझर कशाला उघडलास?"

"माझे नमुने काढायला. मामा, तुम्ही पोलिसात कधी लागलात?"

"आणि ही पट्टी?"

"तुमच्या भाचीची कृपा! सोमवारी म्हणाली, ताजं निरोगी रक्त पाहिजे. दिलं. उपकार करावेत आणि वर हे ऐकावं."

हे मात्र पटण्यासारखं होतं. आमच्याकडे रीतच आहे. तुलनेला निरोग्यांचं रक्त लागतं, बाहेरून कोण येणार द्यायला? मग इथल्याच लोकांचे दंड पुढे. संस्थेची नर्स येते, रक्त घेते. निरोग्यांच्या ट्यूबना हिरवी टोपी, रुग्णांच्या ट्यूबना लाल. हिरव्या टोप्यांच्या खणात मी आहे, भाची आहे, पंडित आहे, फरशी पुसणारी मावशीसुद्धा आहे. नर्स आली की मॅडम तेवढ्या 'मला सुई बघून भोवळ येते' म्हणत हसत पळ काढायच्या. आम्ही त्यांची थट्टा करायचो.

मॅडमच्या खोलीत गेलो तर त्या चहा पीत होत्या, कप दोन्ही हातांत धरून. एवढ्या उकाड्यात मनगटापर्यंत बाह्या. ही बाई एके काळी रोज दोनशे ट्यूब भरायची आणि एक थेंब इकडचा तिकडे होत नसे. दोन वर्षांपासून तिने ते सोडलंय. 'आता तुम्ही तरुणांनी करायचं,' म्हणते.

"मॅडम, पोरीच्या बाजूने एक शब्द बोला. तुम्ही तिच्या गुरू आहात."

"उद्या बोलेन, मामा."

"उद्या समिती आहे! आजच सांगा ना त्यांना, ती असं करणारी नाही म्हणून."

त्यांनी कप खाली ठेवला. बशीत थोडा चहा सांडला. "उद्या," एवढंच म्हणाल्या.

मला राग आला. एवढी वर्षं मी या बाईला देव मानलं आणि वेळ आली तेव्हा तिने कानावर हात ठेवले, असं मनाशी म्हणत मी जिना उतरलो.

३

माझ्याकडे डिग्री नाही, पण ठिपक्यांची चाचणी मी डोळे मिटून करतो. ससा तयार झाला की नाही हे आम्ही अशीच बघतो.

समजायला सोपी आहे. सशाच्या अँटीबॉडीला स्वतःचा उजेड नसतो. म्हणून वरून दुसरी अँटीबॉडी घालतात, सशाला ओळखणारी. ती सशाच्या अँटीबॉडीला जाऊन धरते आणि उजेड पाडते. तो उजेड फिल्मवर काळा उमटतो. प्राणी बदलला तर ओळखणारीही बदलावी लागते. शेळीची वेगळी, उंदराची वेगळी, माणसाची वेगळी.

मी कागदासारख्या पांढऱ्या पट्टीचे चार तुकडे घेतले. प्रत्येकावर त्या ट्यूबमधल्या पाण्याचा बारीकसा ठिपका, बाजूला आमच्या आत्ताच्या सशाच्या सीरमचा एक ठिपका. परीक्षक स्टुलावर बसून हाताची घडी घालून बघत होते. पंडितही आला.

सशाला ओळखणारी घातली. आमच्या सशाचा ठिपका काळा कुळकुळीत उमटला. ट्यूबमधला उमटलाच नाही.

"हं," परीक्षक म्हणाले आणि पुढे सरकून बसले.

शेळी, काही नाही. उंदीर, काही नाही. चौथ्या फिल्मवर ट्यूबमधला ठिपका असा उमटला की पंडित मागून म्हणाला, "अरे बापरे!"

चौथी, माणसाला ओळखणारी होती.

म्हातारीचं सीरम काढून त्या ट्यूबमध्ये कोणीतरी माणसाच्या रक्ताचं सीरम भरून ठेवलं होतं.

४

मी पंडितची कॉलर धरली. खोटं कशाला बोलू, धरली. "रविवारी किल्ली तुझ्याकडे! दंडाला पट्टी तुझ्या!"

"सोडा, मामा! रक्त सोमवारी दिलं, नर्सच्या वहीत आहे. आणि मला तिचं काम बुडवायचं असतं तर नुसतं पाणी भरलं असतं. स्वतःचं रक्त कोण भरेल? हात दाखवून अवलक्षण?"

मी कॉलर सोडली. बरोबर बोलत होता. ज्याने हे केलं त्याला घाई होती. त्याला सीरमच्या रंगाचं काहीतरी हवं होतं, आणि हाताशी होतं ते त्याने ओतलं.

"रक्त बदललंय हे मान्य," परीक्षक म्हणाले. "पण कोणी, हे माहीत नाही. पकडली जाऊ नये म्हणून मुलीनेही बदललं असेल. तिचं काम खरं होतं हे यातून सिद्ध होत नाही. म्हातारीचं सीरम आहे कुठे?"

बाहेर जाऊन बहिणीच्या घरी फोन लावला. बहिणीनेच उचलला.

"दादा, तूच तिला तिथे नेलंस," ती म्हणाली. "दुपारपासून जेवली नाही. भिंतीकडे तोंड करून पडलीये. मला भीती वाटते रे." आणि मग रडायलाच लागली. मी तिला भाचीला फोन द्यायला सांगितलं.

शेवटी भाची फोनवर आली. मी सगळं सांगितलं. ती एकदम म्हणाली, "मामा, वापरलेलं!"

"काय वापरलेलं?"

"पातळ केलेलं सीरम आपण एकदा वापरून टाकत नाही ना. परत भरून ठेवतो. माझं शेवटचं ठेवलंय. फ्रिजच्या दारात, सगळ्यात खाली. दुधासारखं दिसेल. सहा वेळा वापरून झालंय, दमलंय बिचारं. वासही येत असेल. चाललं तर आणखी एकदाच चालेल."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी धावत गेलो. होती ट्यूब. वास असा की डोळ्यांत पाणी यावं, पण मला तो अत्तरासारखा वाटला.

परीक्षकांनी नाक दाबलं. "ही उघडी आहे. पुरावा म्हणून हिला फारशी किंमत नाही. पण करून बघा. आणि बदललेल्या ट्यूबमधलं ते रक्तही एका रांगेत घाला. कोणाचं का असेना, बघू तरी."

रक्तातली प्रोटीनं लांबीप्रमाणे वेगळी करणारं जेल लावायला कुशल हात पाहिजे. मी पंडितकडे पाहिलं.

"वा!" तो म्हणाला. "संशय माझ्यावर आणि मजुरीही माझीच." पण बाह्या सरसावून बसला. पहिल्या रांगेत एका रुग्णाचं रक्त. दुसऱ्या रांगेत त्याचं स्वतःचं. तिसऱ्यात त्या ट्यूबमधलं, तेवढं परीक्षकांनी स्वतःच्या हाताने घातलं. पुढे हिरव्या खणातली सगळी ओळीने, मी, भाची, मावशी आणि इतर.

ती रात्र मी घरी नुसता कूस बदलत काढली.

५

दुसऱ्या दिवशी दीड वाजता फिल्म बाहेर आली. पुसट होती, पण होती.

पहिली रांग, दोन रेघा. दुसरी, एक. चौथी, पाचवी, सहावी आणि पुढच्या सगळ्या, एक, एक, एक. म्हातारी माझी! मरून दोन वर्षं झाली तरी ओळखायला चुकली नाही. माझे डोळे भरून आले, आणि मग पंडितने बोट ठेवलं.

"मामा, तिसरी."

तिसऱ्या रांगेत दोन रेघा होत्या.

"म्हणजे ज्याने हे केलं तो आजारी आहे," परीक्षक म्हणाले. आता त्यांचा आवाज खाली आला होता. "त्याला स्वतःला ठाऊक असेल?"

मी हिरवा खण उघडला. ट्यूब मोजल्या, नावं वाचली. सगळ्यांच्या रक्ताला एकच रेघ. म्हणजे ट्यूबमधलं रक्त यांच्यातल्या कोणाचंही नाही. पण फ्रीझर बाहेरच्या माणसाला उघडत नाही. मग इथलाच कोणीतरी, ज्याचं रक्त या खणात कधी आलंच नाही. असा कोण?

सुई बघून भोवळ. जन्मभर रक्तात हात घातलेल्या बाईला भोवळ!

दोन हातांत धरलेला कप. उकाड्यात लांब बाह्या. दोन वर्षं ट्यूबला न लागलेला हात. वहीत सही न लागणारी किल्ली.

पोरीला सोडवायचं तर मला या बाईकडे जायला हवं होतं, आणि जाऊन तिला सांगायचं होतं की तू मरणार आहेस. कसं मरणार, ते तिने स्वतःच पुस्तकात लिहिलेलं.

"नाव कळलं का?" परीक्षकांनी विचारलं.

"साहेब, चारपर्यंत मला वेळ द्या," मी म्हणालो. "आणि ही फिल्म द्या."

६

दार लावून मी फिल्म मॅडमच्या टेबलावर ठेवली.

अशा हजारो फिल्म त्यांनी वाचल्या होत्या. हिला एक श्वासही लागला नाही.

"तिसरी ट्यूबमधली?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली.

त्यांनी फिल्म पालथी ठेवली. मग म्हणाल्या, "मामा, आता मला कळलं. इतके दिवस नुसती शंका होती."

"म्हणजे तुम्ही बघितलंच नव्हतं?"

"कुठलं बघते! रविवारी ट्यूब घेतली. ओळखीच्या डॉक्टरकडून रक्त काढून आणलं होतं. एकच थेंब वापरणार होते, कोणाला कळलंही नसतं. झाकण उघडलं आणि हात..." त्यांनी उजवा हात पुढे केला. तो टेबलाच्या कडेवर टकटक वाजत होता. "सगळं सांडलं. पुसायला गेले तर फडक्यात गेलं. म्हातारीचं शेवटचं सीरम, मामा. माझ्याकडे माझंच सीरम तेवढं होतं. ओतलं, परत सील केलं. वाटलं, परीक्षक महिनाभराने येणार, तोवर काहीतरी करता येईल."

"आणि ते याच आठवड्यात आले, पोरगी फासावर चढली, तरी तुम्ही गप्प!" माझा आवाज चढला, चढायलाच हवा होता. "चोर सोडून संन्याशाला फाशी! माझी बहीण रडतेय तिकडे. पोरगी भिंतीकडे तोंड करून पडलीये. तुमची जीभ कशी उचलली नाही?"

"नाही उचलली." त्यांनी मान खाली घातली. "सांगितलं असतं तर विचारलं असतं, ट्यूब कशाला घेतलीत? मग हात दाखवावा लागला असता. माझा मुलगा बावीस वर्षांचा आहे, मामा. मला असला तर त्याला निम्मी शक्यता. मला नसता, तर तो सुटला असता. एवढंच बघायचं होतं."

मला तिला आणखी बोलायचं होतं. खूप बोलायचं होतं. पण तो हात वाजतच होता. मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसलो.

"त्या वापरलेल्या सीरमचं काय?" तिने हळूच विचारलं. "उरलं का काही?"

तिच्या मनात कोण होतं ते मला कळलं.

"संपलं, मॅडम. आज शेवटचं होतं."

तिने डोळे मिटले. घड्याळात सव्वातीन झाले होते. मग ती उठली, पर्समधून एक घडी केलेला कागद काढला आणि म्हणाली, "भाचीला बोलावून घ्या."

७

समितीपुढे मॅडम पाच मिनिटं बोलल्या. काही झाकलं नाही, कशाचीही सबब दिली नाही. शेवटी तो कागद परीक्षकांपुढे ठेवला. नसांच्या डॉक्टरांचा होता, तीन महिन्यांपूर्वीचा. त्यात या आजाराचा संशय लिहिलेला होता.

"ट्यूबमध्ये कोणाचं रक्त आहे हे काल इथे माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं," त्या म्हणाल्या. "तिसरी रांग तुम्ही स्वतःच्या हाताने घातलीत. तिच्या पद्धतीने न सांगता रुग्ण ओळखला. याहून चोख परीक्षा तुम्ही घेऊ शकला नसता. मुलीचं काम खरं आहे."

परीक्षकांनी कागद दोनदा वाचला. भाचीकडे पाहिलं. "खरं आहे," ते म्हणाले. "मी तसं लिहीन." मग अवघडून पुढे म्हणाले, "मॅडम, नोंदीसाठी ताजं रक्त लागेल. पुढे कधी नवा ससा साधला तर."

"घ्या ना," त्या म्हणाल्या आणि बाही वर सारली.

नर्स आली. पण हात थांबेना, शीर सापडेना. मी उठलो आणि तो हात माझ्या दोन्ही हातांत धरला, घट्ट पण न दुखेल असा.

"म्हातारीला असंच धरायचात ना?" मॅडमनी विचारलं.

"असंच," मी म्हणालो. सुई एकदाच टोचावी लागली.

ट्यूब भाचीच्या हातात आली. सहा वर्षांच्या सवयीने तिने टोप्यांचा डबा पुढे ओढला आणि तिथेच थबकली. एका बाजूला हिरव्या, एका बाजूला लाल. सगळी खोली तिच्याकडे बघत होती. तिने हिरवी उचलली. मला वाटतं, तिच्याच्याने दुसरी उचलवली नाही.

मॅडमनी ती तिच्या हातातून काढून परत डब्यात टाकली आणि लाल घेतली. टोपी त्यांच्या हातून दोनदा निसटली. आमच्यापैकी कोणीही मदतीला हात पुढे केला नाही. तिसऱ्या वेळी बसली.